सत्याचा महिना

कॅन्टीनच्या रांगेत उसळीचा डाव अनंत देवस्थळीच्या ताटात रिकामा होत होता, तेवढ्यात मागून त्याच्या खांद्यावर एक हात आला. हात मऊ होता, आपुलकीचा होता, आणि तो हरिहर मुजुमदारांचा आहे हे मागे वळून न बघताच अनंतला कळलं, कारण अख्ख्या कंपनीत लोकांच्या खांद्यावर हात ठेवून बोलणारा तेवढा एकच माणूस होता. मुजुमदार पर्सोनेल ऑफिसर होते. त्यांनी अनंतला बुधवारी सकाळी ऑफिसच्या माडीवर यायला सांगितलं. चिमाजीची चौकशी आहे, त्यात तुमची साक्ष आहे, एकच प्रश्न विचारतील, त्याचं खरं उत्तर द्यायचं, झालं. 'खरं' हा शब्द ते जरा हसून म्हणाले, योगाच्या एकाच वर्गातल्या माणसाने दुसऱ्याला म्हणावा तसा. मग खांदा हलकेच दाबून ते ऑफिसरांच्या टेबलांकडे निघून गेले. अनंत ताट घेऊन तसाच उभा. मागच्या माणसाने "ओ देवस्थळी, सरका की राव" म्हटलं तेव्हा तो सरकला, कोपऱ्यातल्या बाकावर बसला, चपातीचा तुकडा तोडला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपली जीभ टाळूला चिकटलेली आहे, दात एकमेकांवर घट्ट बसलेत आणि घासाला आत जायला वाटच नाही.

राग आला की जीभ टाळूला लावायची, ही युक्ती त्याची स्वतःची. कोणा गुरूने दिलेली नव्हे. वडील वाईला शाळेत मास्तर होते आणि त्यांचा हात सैल होता. वर्गातली पोरं वेगळी आणि घरातलं पोर वेगळं असा भेद ते करत नसत. मार खाताना अनंत रडत नसे, त्यामुळे वडील आणखी चिडत. तो राग आपल्यातही उतरलाय हे त्याला कळलं लग्नानंतर, पिंपरीतल्या पहिल्या भाड्याच्या खोलीत. एका दुपारी आमटीत मीठ जास्त पडल्याचं निमित्त झालं आणि पातेलं भिंतीवर गेलं. अरुंधतीने फडकं घेतलं, भिंत पुसली, फरशी पुसली, आणि मग खोलीभर अशी नजर फिरवली, की आता कुठली वस्तू कुठे ठेवली म्हणजे फुटणार नाही. त्या नजरेने तो घाबरला. पुढच्याच आठवड्यात चिंचवडला एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे आसनं शिकायला जाऊ लागला. आसनांवरून प्राणायाम, प्राणायामावरून यमनियम, असा पुढे पुढे सरकत गेला. पातेलं पुन्हा उडालं नाही. अरुंधतीवर, मुलीवर, ड्रॉइंग ऑफिसातल्या कोणावरही त्याने पुन्हा आवाज चढवला नाही. लोक म्हणायला लागले, देवस्थळी म्हणजे शांत माणूस. फक्त मागच्या वर्षी चिंचवडच्या दातांच्या डॉक्टरने त्याला आरशात त्याच्या दाढा दाखवल्या, वरून सपाट झिजलेल्या, आणि विचारलं, झोपेत दात खाता का हो? अनंत म्हणाला, कल्पना नाही. घरी येऊन अरुंधतीला विचारलं तर ती म्हणाली, रोज. इतकी वर्षं ती त्या करकरीशेजारी झोपत होती आणि कधी बोलली नव्हती. याचाही त्याला राग आला. तोही त्याने गिळला.

संत तुकाराम नगरातल्या शाळेच्या खोलीत रविवारी सकाळी त्याचा योगाचा वर्ग भरे. आणीबाणीच्या दिवसांत जिकडेतिकडे शिस्तीचा गजर चालला होता, तेव्हा कंपनीनेच सतरंज्या दिल्या होत्या. आणीबाणी उठली, सतरंज्या राहिल्या. नुसती आसनं म्हणजे कवायत, असं अनंतचं म्हणणं. पाठ वाकवून काय होणार, मन वाकलं पाहिजे. म्हणून त्याने एक पद्धत काढली होती. एकेक यम महिनाभर पाळायचा. अहिंसेचा महिना, सत्याचा महिना, अस्तेयाचा, ब्रह्मचर्याचा (त्या महिन्यात हजेरी कमी आणि चेष्टा फार), शेवटी अपरिग्रहाचा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आसनं झाली की सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि एकेकाने सांगायचं, आपण काय पाळलं, काय मोडलं. सत्याच्या महिन्यात आजवर लपवलेली एक गोष्ट चारचौघांत बोलून टाकायची. इथे बोललेलं इथेच राहील, असं अनंत दर वेळी बजावून सांगे, आणि ते सांगताना त्याचा आवाज थोडा घोगरा होई, कारण त्याला ते मनापासून वाटत असे. कारकून, फिटर, शाळेतल्या कुसुमताई, स्टोअरमधले लोक, प्रेस शॉपमधले लोक आणि खुद्द पर्सोनेल ऑफिसर एकाच सतरंजीवर मांडी घालून बसतात, याचा त्याला अभिमान होता. आता कॅन्टीनच्या बाकावर बसून त्याला त्या अभिमानाचीच किळस येत होती. सतरंजी कोणाची होती? कंपनीची.

सत्याच्या महिन्यातल्या त्या शेवटच्या रविवारची खोली त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. थंडीचे दिवस होते, खिडकीतून ऊन आडवं आत आलं होतं, सगळ्यांची अंगं मोकळी झालेली आणि मनंही. कुसुमताईंनी सांगितलं, की नणंद येणार असली की त्यांना हमखास ताप येतो. एका कारकुनाने सांगितलं, की आजारपणाची रजा टाकून तो सिनेमाला जातो. अनंतने स्वतः सांगितलं, की मुलीच्या वह्यापुस्तकांना घातलेली सगळी कव्हरं कंपनीच्या ट्रेसिंग पेपरची आहेत. हशा झाला. मग मुजुमदारांनी डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून सांगितलं, की परदेशातून आलेल्या एका मशिनच्या खोक्याच्या फळ्यांचं त्यांनी घरी शोकेस करून घेतलंय, आणि तेही कंपनीच्याच सुताराकडून. काय लाकूड म्हणून सांगू, अजून वास येतो, असंही म्हणाले. याला सगळ्यात मोठा हशा झाला, कारण साहेब आपल्यात उतरला होता. त्या हशातच चिमाजी उठून उभा राहिला. बाकीचे सगळे बसून बोलले होते; त्याला उभंच राहायचं होतं.

चिमाजी रहाटणीचा, प्रेस शॉपमध्ये हेल्पर. पाठ धरली म्हणून वर्गाला आला आणि पाठ सुटली तरी येत राहिला. सांगितलेलं सगळं तो अक्षरशः करायचा, आणि यामुळे अनंतला तो आवडायचा आणि कधीकधी नकोसाही व्हायचा. अहिंसेच्या महिन्यात त्याने ढेकूण मारायचे सोडून दिले होते. बाज उचलून उन्हात टाकायची आणि ढेकूण आपण होऊन जाईपर्यंत शेजारी बसून राहायचं. बायको सुभद्राबाई वैतागून माहेरी जायच्या बेतात होती, असं तोच कौतुकाने सांगायचा. दर रविवारी सायकल भिंतीला टेकवून पहिला हजर, आणि निघताना अनंतकडे थोडा वेळ बघत उभा राहायचा; शाबासकी मिळाल्याशिवाय हलत नसे. त्या दिवशी तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. "म्या भंगारातलं एक बेअरिंग नेलं हाय," तो म्हणाला. "डब्याच्या पिशवीतनं. आडाच्या कप्पीला बसवलं. कारभारणीचा खांदा भरून यायचा पानी शेंदताना." कोणी हसलं नाही, कारण त्याने हसण्यासारखं सांगितलंच नव्हतं. मग मुजुमदार म्हणाले, शाबास. अनंतही म्हणाला, शाबास. चिमाजी खाली बसला तेव्हा त्याचं तोंड न्हाल्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

आणि त्याच आठवड्यात चिमाजीला चोरीचं चार्जशीट मिळालं आणि तो सस्पेंड झाला. दिवाळीनंतर प्रेस शॉपमधल्या लोकांनी ओव्हरटाइम करायला नकार दिला होता, आणि त्यांत पहिला नकार याचा होता. अहिंसेच्या महिन्यातच कधीतरी त्याने हिशेब केला होता, की शरीराला मरेस्तोवर राबवणं ही पण हिंसा. हे तो फोरमनला तोंडावर म्हणाला आणि बाकीच्यांना ते पटलं. तेव्हापासून वरच्या लोकांना तो डोळ्यांत खुपत होता. चार्जशीटची बातमी कळल्यावर अनंत तडक मुजुमदारांच्या केबिनमध्ये गेला होता. जिना चढताना बोलायचं सगळं त्याच्या ओठांवर तयार होतं. मुजुमदारांनी चहा मागवला. बसा म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, निदान चेहरा तसा केला होता. "वर्गात मी तुमचा विद्यार्थी आहे, अनंतराव. इथे मी पगार घेतो," ते म्हणाले. "कानावर चोरी आल्यावर गप्प बसलो, तर ते अस्तेयात बसतं का? तुम्हीच सांगा. सत्याची किंमत मोजायची तयारी हवी, हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो." शोकेस, एवढा एकच शब्द अनंतच्या घशाशी आला. तुमचं शोकेस, मुजुमदारसाहेब. जीभ टाळूला होती. त्याने चहा प्यायला. बरं, असं म्हणाला. बरं! आणि खाली उतरला, ड्रॉइंग बोर्डावर वाकला, पेन्सिलीला टोक काढत बसला, आणि टोक मोडलं की पुन्हा काढत राहिला.

त्यानंतर रोज तो ती केबिन पुन्हा चढत होता. बसमध्ये, न्हाणीत, रांगेत दूध घेताना. प्रत्येक वेळी शोकेस हा शब्द म्हणत होता, प्रत्येक वेळी अधिक मोठ्याने. कधी टेबलावर हात आपटत होता, कधी चहाचा कप भिंतीवर फेकत होता. मग शेजारचा माणूस विचारायचा, काय देवस्थळी, तब्येत बरी नाही का? आणि तो हसून म्हणायचा, छे, छान आहे. मुजुमदारांचा राग, स्वतःचा राग, आणि या दोन्हींच्या खाली एक तिसरा राग होता, जो तो स्वतःशीही कबूल करत नव्हता. तो चिमाजीचा होता. अरे गाढवा, सगळ्यांनी कशी नणंद सांगितली, सिनेमा सांगितला, कव्हरं सांगितली. सगळ्यांना कळत होतं खरं कुठवर बोलायचं असतं. तुला एकट्यालाच कसं कळलं नाही?

युनियनचे दौलतराव मंगळवारी अनंतच्या ड्रॉइंग बोर्डापाशी आले. जाडजूड माणूस, विडीचा वास, बोलणं सरळ. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. कंपनीकडे पुरावा शून्य. भंगाराचं वजन कोणी करत नाही, बेअरिंगवर नाव नसतं, तसं बेअरिंग पुण्यात कुठल्याही दुकानात मिळतं. मुजुमदार कंपनीची बाजू मांडणार, म्हणजे ते स्वतः साक्षीदार होऊ शकत नाहीत. वर्गातल्या बाकीच्यांना एकाएकी काही आठवेनासं झालंय. कुसुमताई तर चक्क म्हणाल्या, त्या वेळी मी शवासनात होते. राहता राहिले तुम्ही. तुमच्या शब्दाला वजन आहे, म्हणूनच त्यांनी साक्षीला तुम्हाला निवडलंय. तुम्ही हो म्हणालात तर चिमाजी घरी बसला, आणि चोर म्हणून काढलेल्या माणसाला या पट्ट्यात भोसरीपासून आकुर्डीपर्यंत कोणी दारात उभं करणार नाही. नाही म्हणालात तर केस तिथेच मेली. "अनंतभाऊ, एक शब्द हाय," दौलतराव म्हणाले. "जड वाटतोय का?" अनंत म्हणाला, विचार करतो. दौलतरावांनी त्याच्याकडे असं बघितलं, की विचार कसला करायचा आहे ते त्यांना खरंच समजत नसावं.

घरी अरुंधती भाजी निवडत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, आणि मग तेही सांगितलं जे दौलतरावांना सांगितलं नव्हतं. चिंचवडच्या म्हाताऱ्या गुरूंनी त्याला सत्य शिकवताना एक गोष्ट निक्षून सांगितली होती. वाणी दिली आहे ती जिवांच्या भल्यासाठी. जे बोलल्याने कोणाचा घात होतो ते शब्दाला शब्द जुळला तरी सत्य नव्हे, ते पापच. यमांमध्ये अहिंसा पहिली का, तर बाकीच्या चौघांना तिचा धाक हवा म्हणून. हे त्याला नीट माहीत होतं. पण वर्गात शिकवताना तो एवढा भाग गाळत असे. मुद्दाम. लोकांना तेवढंच हवं असतं, पळवाट. आधी खरं बोलायची सवय लागू दे, मग बारकावे सांगू, असं त्याने ठरवलं होतं. आणि ते मग कधी आलंच नाही. अरुंधतीने ऐकून घेतलं, शेंगेची शीर ओढली, आणि म्हणाली, म्हणजे अर्धंच औषध दिलंत. त्याला वाटलं, हिने ओरडावं. हिने एकदा तरी परात आपटावी. ती पुढची शेंग घेत होती. तो चपला घालून बाहेर पडला.

रहाटणीला पोचेपर्यंत दिवस कलायला आला होता. चिमाजीचं घर गावठाणाच्या कडेला, पुढे अंगण, अंगणात आड. सुभद्राबाई पाणी शेंदत होती. दोर सरसर खाली जात होता, घागर वर येत होती, आणि कप्पीचा जरासुद्धा आवाज होत नव्हता. तिने त्याला ओळखलं, पदर सावरला, घागर ठेवली, पण या बसा म्हणाली नाही. चिमाजी आतून लगबगीने आला, घोंगडी टाकली, गुरुजी आले गुरुजी आले करत बायकोला चहा टाकायला सांगितला. चहा आला तो सुभद्राबाईने त्याच्यापुढे जरा आदळूनच ठेवला. "गुरुजी, एक इचारू का," ती म्हणाली. "तुमच्या त्या वर्गात समदे खरं बोलले म्हनत्यात. मग घरी बसला तो ह्यो एकलाच कसा?" चिमाजीने तिला गप्प बस म्हटलं. ती गप्प बसली नाही. ती म्हणाली, ह्याला कोणी मोठ्या मानसानं शाबास म्हनलं की ह्यो हिरीत बी उडी मारंल. तुमी त्याला शाबास म्हनला. इतक्या दिवसांत अनंतशी रागाने बोललेलं हे पहिलं माणूस होतं, आणि ते ऐकताना त्याला विचित्र बरं वाटत होतं, ठसठसत्या गळवाला कोणी बोट लावल्यासारखं.

मग त्याने चिमाजीला आडाच्या कट्ट्यापाशी नेलं आणि स्पष्ट सांगितलं. उद्या मी नाही म्हणणार आहे. तू असं काही बोललाच नाहीस. तुला कोणी काही विचारलं तर दौलतराव बोलतील. तू तोंड उघडायचं नाहीस. चिमाजी ऐकत होता. त्याच्या कपाळावर एक आठी आली, मग गेली. "तुमी खोटं बोलनार?" त्याने विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं त्याने ते विचारलं नव्हतं. त्यात थोडा धाक होता, मॉनिटरने दुसऱ्याला विचारावं तसा. अनंत म्हणाला, "मी काय बोलायचं ते मी बघतो. तू गप्प राहायचं, कळलं?" इथे त्याने ते गाळलेलं सगळं सांगायला हवं होतं. अहिंसा पहिली, सत्य तिच्या मागून. कट्ट्यावर बसून शांतपणे सांगायला काही अडचण नव्हती. पण त्याचं डोकं तापलेलं होतं, सुभद्राबाई दारातून बघत होती, आणि या माणसाला आता आणखी काही शिकवायची कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. चिमाजी म्हणाला, व्हय गुरुजी. अनंतला तेवढं पुरलं.

बुधवारी माडीवरची खोली उन्हाने भरलेली होती. चौकशी करायला पुण्याहून एक वकील आले होते, सोनेरी काड्यांचा चष्मा, शेजारी टायपिस्ट. एका बाजूला मुजुमदार, दुसऱ्या बाजूला दौलतराव आणि पांढरीशुभ्र टोपी घातलेला चिमाजी. अनंतला मधल्या खुर्चीवर बसवलं. मुजुमदार त्याच्याकडे बघून मान तुकवून हसले, वर्ग सुरू व्हायच्या आधी हसत तसे. वकिलांनी त्याचं नाव विचारलं, काम विचारलं, वर्ग कधीपासून चालवता ते विचारलं, आणि मग तो प्रश्न विचारला. तुमच्या वर्गात, तुमच्यासमोर, चिमाजीने कंपनीचं बेअरिंग घरी नेल्याचं कबूल केलं होतं का?

"नाही," अनंत म्हणाला.

इतकं सोपं होतं ते. इतक्या वर्षांतलं पहिलं सरळ, उघडंनागडं खोटं, आणि ते तोंडातून अडलेली ढेकर जावी तसं गेलं. जीभ टाळूवरून सुटली. वकिलांनी पुन्हा विचारलं, नक्की? अनंत म्हणाला, नक्की, असं काही झालेलं नाही, आम्ही तिथे आसनं करतो. त्याने मान वळवून मुजुमदारांकडे बघितलं. त्यांचं हसू अजून तोंडावर होतं, पण आता ते तिथे कशासाठी आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. अनंतच्या छातीत गरम काहीतरी चढत आलं. तो आनंद होता आणि तो रागही होता. त्याला वाटलं, यमनियम, प्राणायाम, सगळं एका पारड्यात टाकलं तरी हा एक 'नाही' त्याहून स्वच्छ आहे. त्याला वाटलं, गुरू आज असते तर पाठ थोपटली असती. टायपिस्टने 'नाही' टाइप केलं. वकिलांनी घसा साफ केला आणि नियमाप्रमाणे चिमाजीला विचारलं, साक्षीदाराला तुम्हाला काही विचारायचंय का? दौलतराव घाईघाईने म्हणाले, काही नाही साहेब, काही नाही. चिमाजी उठून उभा राहिला. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"गुरुजींस्नी इचारायचं काय न्हाई, साहेब," तो म्हणाला. "पर त्यांनी माझ्यापायी खोटं बोलू नये. म्या बोललो व्हतो. समद्यांम्होरं बोललो व्हतो, बेअरिंग म्याच नेलं."

दौलतरावांनी कपाळाला हात लावला. टायपिस्टने वकिलांकडे बघितलं, वकिलांनी मान हलवली, आणि मशीन खडखडत चाललं. मुजुमदार टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. त्यांना जिंकल्याचा आनंद दाखवायलाही जागा राहिली नव्हती. आणि चिमाजी खाली बसताना अनंतकडे बघत होता. त्याचं तोंड त्या रविवारसारखंच न्हालेलं होतं. तो वाट बघत होता. अनंतला ती नजर पाठ होती. त्याला शाबासकी हवी होती.

अनंत कधी उठला, जिना कसा उतरला, त्याला सांगता आलं नसतं. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली तो पोचला तेव्हा मागून धापा टाकत चिमाजी आला. गुरुजी, रागावला का, असं विचारत होता. म्हणत होता, माझी नोकरी गेली तर दुसरी मिळंल, पण तुमचं सत्य एकदा मोडलं की ते परत कुठनं आणायचं? तुमचं मोडू नये म्हणून उठलो. तुमीच सांगितलं व्हतं, खरं बोलायला भ्यायचं न्हाई. म्या भ्यालो न्हाई बगा गुरुजी. म्या जरा बी भ्यालो न्हाई.

अनंतने त्याच्या थोबाडीत मारली. पूर्ण हात मागे घेऊन, वडील मारत तशी. टोपी उडाली आणि सायकलींच्या चाकांमध्ये जाऊन पडली. चिमाजी गालाला हात न लावता तसाच उभा राहिला आणि वर बघत राहिला, ही पुढची शिकवण आहे की काय असं. शिफ्ट सुटायला वेळ होता, आवारात कोणी नव्हतं. अनंतचा हात झिणझिणत होता. सकाळभर मुजुमदार त्या हाताच्या टप्प्यात बसलेले होते, एवढ्या दिवसांत कितीदा तरी बसले होते, उभे राहिले होते, खांद्याला खांदा लावून चालले होते, आणि हा हात एकदाही वर झाला नव्हता. तो वर झाला या माणसावर, जो उलट मारणार नाही हे हाताला बरोबर ठाऊक होतं. दहा वर्षांच्या संयमाने एवढं एकच नेमकं शिकवलं होतं, कोणाला मारायचं नाही ते. अनंतला हे सगळं त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि ते दिसूनही राग थांबला नाही, उलट आणखी पेटला. चिमाजी वाकून सायकलींखालून टोपी काढत होता, ती झटकत होता, आणि गुरुजी आता काय म्हणतात याची अजूनही वाट बघत होता. त्याला दुसरी मारावी असं अनंतला वाटलं. त्याने ती मारली नाही, सायकलच्या दांड्याला हात घट्ट धरून उभा राहिला, आणि राग काही केल्या कमी होत नव्हता.